गाण्याच्या आधी ऐकू येणारं गाणं

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून कॅसेटचं खोकं खाली येतं. लहानपणीची बालगीतं, आजोबांची नाट्यगीतं, रेडिओवरून घरी टेप केलेलं काहीबाही. चालू टेपरेकॉर्डर हाताशी असेल, तर एक कॅसेट लावून कान देऊन ऐका. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत त्याच गाण्याची पहिली ओळ अगदी क्षीण, लांबून आल्यासारखी ऐकू येते आणि मग खरं गाणं सुरू होतं.

‘आधीचं रेकॉर्डिंग नीट पुसलं गेलं नसेल,’ असं बहुतेक जण म्हणतात. पण जुन्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकी हीच ओळ, नेमकी याच जागी कशी असेल?

कॅसेटची टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर दिलेला चुंबकीय लेप. साध्या कॅसेटमध्ये तो गॅमा फेरिक ऑक्साइडच्या सुईसारख्या कणांचा असतो. कण कोणत्या दिशेने चुंबकित झाले, त्यात आवाज साठवलेला असतो. टेप गुंडाळून ठेवली की एक वेढा दुसऱ्याला चिकटून बसतो. सी-९० (म्हणजे ९० मिनिटांच्या) कॅसेटची टेप जेमतेम १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या बारा हजारांश जाडीची, त्यामुळे एका वेढ्याचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या वेढ्यापर्यंत सहज पोचतं. ते क्षेत्र इतकं दुबळं असतं की मोठे कण त्याला दाद देत नाहीत. सगळ्यांत बारीक कणांची गोष्ट वेगळी. त्यांची दिशा बदलायला लागणारी ऊर्जा इतकी कमी असते, की खोलीच्या तापमानाची उष्णताही पुरते. उष्णतेने ते डळमळतात आणि शेजारच्या क्षेत्राच्या दिशेने स्थिरावतात. असा गाण्याच्या ओळीचा क्षीण ठसा तिच्या आधीच्या, शांततेच्या वेढ्यावर उमटतो. पहिल्या ते दहाव्या दिवसापर्यंत हा ठसा जितका वाढतो, साधारण तितकाच पुढे दहाव्यापासून शंभराव्या दिवसापर्यंत. पत्र्याखालच्या तापलेल्या माळ्यावर तो जास्त उमटतो.

सगळे स्वर सारखे उमटत नाहीत. टेपवरची तरंगलांबी (स्वराच्या एका कंपनाने व्यापलेली लांबी) टेपच्या जाडीच्या २π, म्हणजे सुमारे सव्वासहा पट असेल, तिथे ठसा सर्वांत ठळक. सी-९० साठी ही लांबी ७५ मायक्रॉन. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे वारंवारता सुमारे ६३० हर्ट्झ, गाणाऱ्याच्या आवाजाच्या ऐन पट्ट्यात! तंबोऱ्याचा खर्ज आणि झांजेची किणकिण मागे पडते, गळा तेवढा उरतो.

१९६०च्या दशकात कॉन्स्टान्टिन राउडिव्ह या लात्व्हियन लेखकाने टेपवर मृतांचे आवाज सापडल्याचा दावा केला आणि आजही तसले व्हिडिओ फिरतात. टेपच्या खरखरीमध्ये शब्द ऐकण्याची कानाला हौस असते, त्याचा मृतांशी काही संबंध नाही. टेपवरची क्षीण कुजबुज भौतिकशास्त्राने पुरती उलगडलेली आहे.

ठसा गाण्यानंतरच्या वेढ्यावरही उमटतो. चालू गाण्याखाली तो दबतो, शांततेत मात्र उघडा पडतो. सहज वळलेले हे कण सहज माघारीही फिरतात. म्हणून जुनी कॅसेट लावण्यापूर्वी दोन-तीनदा पुढे-मागे पूर्ण फिरवावी, ठसा बराच फिका होतो. त्याआधी कॅसेटच्या खिडकीतून टेप पाहून घ्या. पावसाळी हवेत राहिलेल्या टेपवर पांढरी बुरशी असेल तर ती वाजवू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते.

विकतच्या कॅसेटमध्ये कधी कधी स्टुडिओतल्या मूळ टेपवरचाच ठसा उतरलेला असतो. तो कितीही फिरवलं तरी जात नाही. घरी भरलेल्या कॅसेटवर मात्र, फिरवण्याआधी, घड्याळ लावून बघा. क्षीण ओळ आणि खरी ओळ यांतलं अंतर म्हणजे एका वेढ्याची लांबी. भरलेल्या रिळाच्या बाहेरच्या कडेला सुमारे तीन सेकंद, गाभ्याजवळ दीडेक सेकंद. ‘ए’ बाजूच्या पहिल्याच गाण्याआधी तीन सेकंद मोजले गेले, तर कॅसेट ठेवताना कुणीतरी ती आठवणीने उलटी गुंडाळून ठेवली होती, नाहीतर ‘बी’ बाजू शेवटपर्यंत ऐकून ठेवली होती.