पार्श्वभूमी: हायस्कूलच्या मुलांना सीपीआर, आणि सर्टिफिकेटचा घोळ

जिममध्ये, गरब्यात, लग्नाच्या स्टेजवर कुणीतरी अचानक कोसळल्याचा व्हिडिओ फिरला की दोन दिवसांत मागणी येतेच, शाळेत सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, कंपल्सरी करा. मागणी बरोबर आहे आणि माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. पण ती काही आजची नाही, साठ वर्षांहून जुनी आहे, आणि ती वेगवेगळ्या देशांत कुठे कुठे अडली ते बघितलं तर मुलांच्या वयावर किंवा ताकदीवर ती फारशी अडलेली नाही. अडली ती "शिकवलं म्हणजे नक्की काय केलं" या प्रश्नावर. सीपीआर कसा देतात, हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्टमध्ये फरक काय, हे इथे परत सांगत बसत नाही, ते आता बऱ्याच जणांना माहीत आहे.

जुनं थोडक्यात. १९६० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या संशोधकांनी छाती न उघडता, नुसतं बाहेरून दाबून रक्त फिरतं ठेवता येतं हे छापलं, आणि त्याच लेखात लिहिलं की हे कुणीही, कुठेही सुरू करू शकतं, लागतात फक्त दोन हात. इतकं स्वच्छ लिहिलेलं असून १९६६ ला अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक झाली तेव्हा भर राहिला तो डॉक्टर, नर्स आणि तशाच पेशातल्या लोकांना शिकवण्यावर. सामान्य माणसालाही शिकवा हे म्हणायला १९७३ ची बैठक उजाडावी लागली. नॉर्वे मात्र थांबलं नव्हतं, तिथे १९६१ पासूनच शाळेतल्या मुलांना तोंडाने श्वास द्यायला शिकवत होते, तेही स्टाव्हांगरच्या एका खेळणी बनवणाऱ्या कारखान्यातून आलेल्या पुतळ्यावर.

मधली तीसेक वर्षं सोडून देते, कारण आज आपण ज्याला शाळेतला सीपीआर म्हणतो तो खरा आकाराला आला २००५ नंतर. त्या वर्षी डेन्मार्कने शाळेत हे शिकवणं सक्तीचं केलं. त्याच सुमारास तिथे बारा ते चौदा वयाच्या सुमारे ३५,००० मुलांना एक फुगवायचा छोटा पुतळा आणि एक डीव्हीडी दिली होती, शाळेत शिका आणि पुतळा घरी घेऊन जा. मुलांनी घरी जाऊन आई, बाबा, भावंडं, शेजारी यांना शिकवलं, मुलामागे सरासरी अडीच माणसं! मला या सगळ्या इतिहासातला हाच आकडा सगळ्यात आवडतो.

दुसरी मोठी गोष्ट २००८ ची. मोठा माणूस डोळ्यांसमोर अचानक कोसळला आणि आजूबाजूला सगळी साधी माणसं असतील तर तोंडाने श्वास न देता नुसती छाती दाबत राहिली तरी चालेल, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी जाहीर केलं. (बुडालेल्याला आणि लहान मुलांना श्वास लागतोच, तो भाग वेगळा.) नववी-दहावीच्या वर्गात चाळीस मुलामुलींसमोर पुतळ्याच्या तोंडाला तोंड लावायचं म्हणजे काय होतं ते शाळेत गेलेल्या कुणालाही कळेल, निम्मा वेळ हसण्यात आणि पुतळा पुसण्यात जाणार. ते गेलं आणि सगळं एका तासात बसायला लागलं. मग २०११ मध्ये शिफारस आली की हायस्कूल पास होण्यासाठी सीपीआर शिकणं ही अटच असावी, आणि तिथून राज्यांच्या कायद्यांना वेग आला. वॉशिंग्टन, टेक्सास आणि व्हर्जिनिया २०१३, न्यू जर्सी २०१४, कॅलिफोर्निया २०१६. आज चाळीसच्या आसपास राज्यांत तो आहे.

आता तो घोळ. अमेरिकेत सीपीआर शिकणं म्हणजे लोकांच्या डोक्यात एक कार्ड असायचं, दोन वर्षं चालणारं. त्यासाठी मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टर हवा, परीक्षा हवी, फी हवी. कायद्यात "प्रत्येक विद्यार्थ्याला सर्टिफिकेट" असं लिहिलं असतं तर खेड्यातल्या शाळांनी इन्स्ट्रक्टर आणायचा कुठून आणि पैसे कोण देणार? शाळा म्हणाल्या, सरकार नियम करतं आणि खर्च आमच्या गळ्यात. दुसऱ्या बाजूला अनेक वर्षं शिकवत आलेल्या लोकांचं म्हणणं होतं की परीक्षाच नसेल तर पोरं पाचऐवजी दोनच सेंटिमीटर दाबतील आणि आपल्याला येतं असं समजतील, हे न शिकवण्यापेक्षा वाईट. दोघांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं.

तोडगा निघाला एका अवघड शब्दातून, सायकोमोटर. बऱ्याच राज्यांच्या कायद्यांत लिहिलंय की शिकवणं मान्य गाईडलाइन्सप्रमाणे असावं आणि त्यात सायकोमोटर स्किलचा सराव असावा, पण सर्टिफिकेटची सक्ती नाही. टेक्सासने तर सातवी ते बारावीच्या मधे कधीतरी एकदा शिकवा एवढंच म्हटलं. शब्द ऐकून मानसशास्त्राचं काहीतरी वाटतं, पण अर्थ साधा आहे: मुलाने स्वतःच्या हाताने दाबलं पाहिजे. व्हिडिओ दाखवला, पीपीटी झाली, वहीत लिहून घेतलं, याला शिकवणं म्हणायचं नाही. माझ्या मते पूर्ण इतिहासात सगळ्यात शहाणा निर्णय हाच, कागद सोडला पण हात सोडला नाही. ज्यांना हा कमकुवत कायदा वाटतो त्यांनी मिनिटांचा हिशेब करावा, सीपीआर आणि हृदय परत सुरू करणारा विजेचा शॉक न मिळता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि तेव्हा शेजारी उभ्या माणसाकडे कार्ड आहे का हे कुणी विचारत नाही.

माझी भाची न्यू जर्सीला नववीत शिकली हे. पावसाळ्यात पुण्याला आली तेव्हा तिने आजोबांना दाखवायला घेतलं. मी दिवाणावरचा लोड पुढे केला तर म्हणे, "मावशी, वर नको, खाली फरशीवर घे, गादीवर सगळा दाब गादीच खाते." मग गुडघ्यावर बसून, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या लयीत सुरू. आजोबा मोठ्याने मोजत होते. किती दाबायचं विचारलं तर तिने देवघरातली काडेपेटी उभी करून दाखवली, साधारण एवढं, पाच सेंटिमीटर. दीड मिनिटात तिच्या कपाळावर घाम आला. शाळेतल्या पुतळ्यात नीट खोल दाबलं की टक् असा आवाज येतो आणि पहिल्यांदा अर्ध्या वर्गाचा तो आलाच नव्हता, हेही तिने सांगितलं. तेवढ्यात माझी बहीण विचारते, "सर्टिफिकेट कुठंय याचं? कॉलेजच्या फॉर्मला लागेल." "नाही देत गं आई, फक्त करून घेतात." बहिणीचा चेहरा पडला. मग काय उपयोग, असं तिने बोलूनही दाखवलं.

२०१५ मध्ये जागतिक पातळीवर एक आवाहन झालं, जागतिक आरोग्य संघटनेचा त्याला पाठिंबा होता: बाराव्या वर्षापासून दर वर्षी फक्त दोन तास. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या संसदेत शाळेत प्रथमोपचार सक्तीचे करणारं खासगी विधेयक आलं आणि बोलत बोलत वेळ संपवून ते पाडलं गेलं. इंग्लंडमधल्या मुलांना मग सप्टेंबर २०२० पर्यंत थांबावं लागलं, म्हणजे कोविडमधून शाळा नुकत्याच उघडत होत्या तेव्हा. आणि कायदा झाला म्हणजे झालं असंही नाही. डेन्मार्कमध्ये हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्याला आजूबाजूच्या लोकांनी सीपीआर देण्याचं प्रमाण २००१ ते २०१० मध्ये २१ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं, ड्रायव्हिंग लायसन्सलाही तिथे ही अट आहे, पण सक्तीला आठ-नऊ वर्षं झाल्यावर शाळा तपासल्या तर एक तृतीयांशापेक्षाही कमी ठिकाणी ठरल्याप्रमाणे शिकवलं जात होतं.

आपल्याकडे प्रथमोपचार पाठ्यपुस्तकात आहेत, आपत्ती व्यवस्थापनाच्या धड्यात, स्काउट-गाईडमध्ये, एनसीसीत. २०१७ मध्ये भूलतज्ज्ञांनी भारतासाठी वेगळ्या गाईडलाइन्स काढल्या, त्यात सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबणं ठेवलं, नाव कोल्स, म्हणजे कॉम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट. शाळेसाठी याहून सोपं काही मिळणार नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, त्यामुळे पोलिसांच्या लफड्यात नको ही भीती निदान रस्त्यावर तरी कमी व्हायला हवी. डिसेंबर २०२३ मध्ये देशभर सीपीआरची मोहीम झाली, गुजरातने त्याच महिन्यात शाळेतल्या शिक्षकांना मोठ्या प्रमाणावर शिकवलं. मुलांपर्यंत मात्र ते बहुतेक वेळा कार्यक्रम म्हणूनच पोचतं.

असा एक कार्यक्रम मी बघितला. हॉलमध्ये दोनेकशे मुलं, एक डमी, चार मुलांना स्टेजवर बोलावलं, फोटो झाले, सर्टिफिकेट सगळ्यांना मिळालं. आठवीतली एक मुलगी शेवटपर्यंत डमीजवळ थांबली होती, तिला एकदा दाबून बघायचं होतं, पण डमी पुढच्या शाळेत न्यायची होती म्हणून बॅगेत गेली.

साठ मुलांचा वर्ग धरा, प्रत्येकाला दोन मिनिटं. एक डमी असेल तर दोन तास लागतात, चार असतील तर अर्धा तास. पीटीच्या एका तासात बसतं.