गेम दुरुस्तीला आणताना नुसतं मशिन आणू नका
(जुन्या व्हिडिओ गेमचं चित्र बिघडतं तेव्हा: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मे महिन्याची सुट्टी लागली किंवा दिवाळी तोंडावर आली की माळ्यावरचे जुने व्हिडिओ गेम खाली येतात. पोरं जमलेली असतात, टीव्हीला जोडून बघतात तर चित्रात रेघा, पट्टे, नाहीतर अक्षरांची खिचडी. मग मशिन पिशवीत घालून सांगलीला आमच्याकडे. पण आणतात ते नुसतं मशिन. ॲडॉप्टर घरी, वायर घरी, कॅसेटही घरीच. आम्ही आमचा ॲडॉप्टर, आमची वायर, आमची कॅसेट लावतो आणि चित्र एकदम स्वच्छ येतं. ग्राहक समाधानाने विट्याला, जतला परत जातात आणि रात्री फोन येतो, "अहो, घरी परत तेच चाललंय!"

यात त्यांचा एक दिवस आणि एसटीचं भाडं जातं, आमचाही वेळ जातो. चित्र बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा मशिनच्या बाहेरच असतं, आणि तीच वस्तू घरी राहिलेली असते. म्हणून मशिन, ॲडॉप्टर, टीव्हीची वायर आणि ज्या कॅसेटवर त्रास होतो ती कॅसेट, हे सगळं एकत्र आणा. टीव्ही आणायची गरज नाही, त्याच्या मागच्या बाजूचा फोटो पुरे. जमलं तर बिघडलेल्या चित्राचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा, आवाजासकट. आवाजावरून अर्धं निदान होतं, ते कसं ते पुढे सांगतो.

आधी ॲडॉप्टर, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. आपल्याकडच्या साठ पिनी कॅसेटच्या बहुतेक मशिनना ९ व्होल्ट डीसी लागतो. आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो, तो ९ चे ५ व्होल्ट करतो, कारण चिपला पाचच हवेत. मूळ ॲडॉप्टर हरवलेला असतो म्हणून लोक राउटरचा किंवा सेटटॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा लावतात. पिन बसते, मशिन चालूही होतं. पण वरचे ७ व्होल्ट रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन जातात. तो तापत जातो आणि थोड्या वेळाने चित्र तुटायला लागतं. "सुरुवातीला छान चालतं, मग बिघडतं" अशी तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा ॲडॉप्टर मागतो, तो यासाठी.

व्होल्ट जुळले तरी पिनेच्या आत प्लस आहे की मायनस, हे मशिनच्या स्टिकरवरच्या खुणेशी ताडून बघा. जुन्या जपानी पद्धतीच्या मशिनमध्ये मधे मायनस असतो, हल्लीच्या बहुतेक ॲडॉप्टरमध्ये मधे प्लस. उलटा लागला तर मशिन जायची भीती असते. स्क्रीनवर जाड आडवे पट्टे हळूहळू वर किंवा खाली सरकत असतील तर बहुतेक वेळा ॲडॉप्टरमधला कंडेन्सर सुकलेला असतो. हे काम स्वस्तात होतं. आणि पाहुण्यांनी अमेरिकेहून आणलेलं मशिन असेल तर त्याचा ॲडॉप्टर १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालण्याआधी त्यावरचं लेबल वाचा.

आता कॅसेट. कॅसेटच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना तीस-तीस पिना असतात. काहींवरून खेळाचा प्रोग्राम जातो, काहींवरून चित्रं जातात. गाणं नीट वाजतंय, बटण दाबलं की माणूस उडी मारतोय, पण भिंती आणि झाडांच्या जागी आकडे-अक्षरांचे तुकडे दिसतायत, असं असेल तर प्रोग्राम नीट पोचतोय आणि चित्रांच्या पिनांवर मळ आहे. हा दोष साफसफाईने जातो. आवाजच नाही आणि पडदा एकाच रंगाचा दिसतोय, तर प्रोग्रामच पोचत नाही. व्हिडिओत आवाज मागतो तो यासाठी.

फुंकर मात्र मारू नका. लहानपणी सगळ्यांनी मारली आहे आणि त्यानंतर गेम चालतोही, पण चालतो तो कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. पिना पुन्हा घासल्या जातात, एवढंच. फुंकरेतला ओलावा तांब्यावर बसतो आणि आपल्या पावसाळ्यात त्याचा हिरवा थर होतो. पॉलिश पेपरने घासणं तर त्याहून वाईट. पिनेवरचा मुलामा निघाला की खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्या वर्षी तीच कॅसेट परत आमच्याकडे येते. सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकटून राहतं. मशिन बंद करून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा आणि पूर्ण वाळू द्या. काडी काळी होत असेल तोवर नवी घेत राहा. याच्या छोट्या बाटल्या आमच्याकडे मिळतात. एवढं करूनही चित्र येत नसेल तर मशिनच्या खाचेतल्या पिना सैल झाल्या असतील. तो कनेक्टर आम्ही बदलून देतो.

स्वस्त कॅसेटच्या पट्टीवर काळा थेंब दिसतो, त्याखाली चिप असते. ती गेली तर दुरुस्ती होत नाही. तसं असेल तर आम्ही आधीच सांगतो, दुरुस्तीचे पैसे लावत नाही.

नव्या एलईडी टीव्हीवर पिवळी पिन लावायला पिवळा सॉकेट सापडत नाही, तेव्हा हिरव्या सॉकेटच्या कडेला काय लिहिलंय ते बघा. बऱ्याच टीव्हीत एव्हीसाठी तोच सॉकेट असतो, आणि इनपुट मात्र 'एव्ही' निवडायचा. 'कॉम्पोनंट' निवडला की चित्र काळं-पांढरं येतं. बाजारातून कन्व्हर्टर घेताना 'एव्ही टू एचडीएमआय' घ्या. 'एचडीएमआय टू एव्ही' हा दिसायला तसाच डबा असतो आणि तो उलट्या कामाचा आहे. काही टीव्ही या जुन्या मशिनचा २४० ओळींचा सिग्नल ओळखतच नाहीत आणि 'नो सिग्नल' दाखवतात. त्यासाठी चालणारे कन्व्हर्टर आम्ही स्वतः तपासून ठेवलेले आहेत.

दोन गोष्टी बिघाड नाहीत, त्यासाठी येऊ नका. एका ओळीत खूप शत्रू आले की ते लुकलुकतात. या मशिनची चिप एका आडव्या ओळीवर आठच हलते तुकडे काढू शकते, म्हणून नववा आला की खेळ ते आळीपाळीने दाखवतो. दुसरं, बदकं मारायची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही. ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या प्रकाशावर चालते.

महापुराबद्दल वेगळं सांगायला हवं. २०१९ आणि २०२१ मध्ये गावभाग, खणभागातल्या घरांत पाणी शिरलं, आणि त्यातली मशिन अजूनही कुठून कुठून बाहेर निघतात. वरून पुसलेली असतात, पण खाचेत पिनांच्या मधोमध कृष्णेचा गाळ वाळून बसलेला असतो. असं मशिन 'चालतंय का बघू' म्हणून लावू नका. न लावता आणलेलं वाचायची शक्यता बरीच जास्त असते. आम्ही बोर्ड बाहेर काढून धुतो, वाळवतो, मगच वीज देतो. त्याला चार दिवस लागतात, घाई करू नका.

तपासणीचे आम्ही १५० रुपये घेतो, काही निघालं नाही तरी. यावर काहींची नाराजी असते. पण तुमचं सगळं सामान जोडून, मशिन तासभर चालू ठेवून बघितल्याशिवाय आम्ही "ठीक आहे" म्हणत नाही, आणि तापल्यावर येणारा दोष पाच मिनिटांत दिसत नाही. दुरुस्ती केली तर हे पैसे बिलातून वजा होतात. जुना भाग बदलला तर तो तुमच्या हातात देतो.

दिवाळीत खेळायचं असेल तर दसऱ्याआधी आणून द्या, नंतर टेबल भरलेलं असतं. आणि ॲडॉप्टरवर, कॅसेटवर आपलं नाव लिहिलेली पट्टी चिकटवून आणा.