बाळंतविड्यातलं दुपटं, आणि ज्यांना माहेर नव्हतं ती बाळं

बालगृहासाठी, सरकारी रुग्णालयातल्या प्रसूती विभागासाठी किंवा मैत्रिणीच्या बाळासाठी दुपटी, झबली, टोपडी हातानं शिवून देणारे गट आता शहरोशहरी आहेत. घेणाऱ्या संस्थांची अट बहुधा एकच असते: कापड नवं हवं, वापरलेलं चालणार नाही. संसर्गाच्या भीतीनं घातलेली ही अट समजण्यासारखी आहे. पण मराठी घरांतला मूळ रिवाज याच्या बरोबर उलटा होता. बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. हा उलटा प्रवास कसा झाला, हे बघितलं की दान म्हणून शिवलेल्या दुपट्यांत नेमकं काय बिघडतं तेही कळतं.

सुरुवात बाळंतविड्यापासून. बाळंतिणीला आणि बाळाला माहेरून, आत्या-मावश्यांकडून, शेजारणींकडून जे यायचं तो बाळंतविडा. त्यात आईसाठी डिंक, खारीक, खोबरं, सुंठ, अळीव, बाळंतशेपा आणि एखादा खण. बाळासाठी झबली, टोपडी, लंगोट, दुपटी आणि एक कुंची, म्हणजे मागे पाठीवर घोळ सोडलेली टोपी. कुंची तेवढी नटवलेली, खणाची किंवा जरीची, बाकी सगळं साधं सुती. पुष्कळ घरांत पाचवीपर्यंत बाळाला शिवलेलं काही घालतच नसत; आजोबांच्या धोतराच्या नाहीतर आजीच्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळत. जन्माआधी बाळाचे नवे कपडे शिवून ठेवणं अशुभ मानत, म्हणून विड्याची शिवणाची घाई बारशाच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत.

जुन्या कापडामागे दृष्टीची भीती होती. ज्या समजुतीनं मुलाचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायचं, त्याच समजुतीनं त्याला फाटक्यात गुंडाळायचं, म्हणजे कुणाची नजर जाणार नाही. पण समजूत बाजूला ठेवली तरी व्यवहार पक्का होता. मागावरून आलेल्या कोऱ्या कापडात खळ असते. ती कडक असते, टोचते आणि पाणी नीट शोषत नाही. शंभर वेळा धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ गेलेली असते, सूत फुललेलं असतं, आणि आटायचं तेवढं कापड आटून झालेलं असतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पुढे त्याच्याकडे परत येऊ.

एका पाचवारी सुती साडीतून काय निघतं? लांबी साधारण साडेपाच मीटर, पन्हा, म्हणजे रुंदी, ४४-४५ इंच. पदर जड असतो, तो बाजूला काढायचा. साडी उजेडासमोर धरून बघितली की निऱ्यांचा खालचा काठ आणि बसण्याची जागा विरळ झालेली दिसते. तेवढा भाग वगळायचा. उरलेल्यातून सुमारे १.१ मीटरचे चार चौकोन निघतात, म्हणजे दुहेरी थराची दोन दुपटी. दोन चौकोन एकमेकांवर ठेवताना एकाचा ताणा, म्हणजे लांबीकडचे उभे धागे, दुसऱ्याच्या ताण्याच्या दिशेनंच हवा. आडवा-उभा घोळ झाला तर धुतल्यावर दुपटं एका कोपऱ्याकडे ओढलं जातं. इंचाइंचावर धावदोरा घातला तर एका दुपट्याला ५५ ते ६० मीटर दोरा लागतो. दोरा सुईत एका वेळी हातभरच ओवावा. लांब ओवला की पीळ सुटतो आणि गाठी पडतात. तयार दुपटं चौकोनापेक्षा दोन-तीन इंचांनी लहान भरतं, कारण प्रत्येक टाका कापड थोडं आत घेतो.

मोठी गोधडी, कोल्हापूर-सांगलीकडची वाकळ, हीच रीत जाड करून. वर-खाली चांगली लुगडी, पोटात धोतरं, चादरी, सदऱ्यांचे तुकडे. ती घालायची उन्हाळ्यात, शेतीची कामं थंडावल्यावर, कारण सगळं कापड आधी धुऊन कडक वाळवायला ऊन लागतं. पोटात ओल राहिली तर पहिल्या पावसाळ्यात वास येतो आणि मग तो जात नाही. थर जमिनीवर ताणून कडांना दगड ठेवतात, मधून बाहेर असे कच्चे टाके घालतात आणि मग पक्का दोरा धरतात. कच्चे टाके गाळून थेट कडेनं शिवत आत गेलं तर सैल कापड पुढे पुढे ढकललं जातं आणि मध्यावर फुगा येतो. तो फुगा चुणी घेऊन दाबलेल्या कितीतरी गोधड्या घरोघरी सापडतील. दाभण घेऊन फिरणाऱ्या, मापावर नव्हे तर किती लुगडी आत घातली त्यावर मजुरी ठरवणाऱ्या बायका हे काम बघता बघता उरकत.

बाळासाठी जुन्या कापडाचे थर शिवणं ही काही आपलीच मिरास नाही. बिहारमधली सुजनी मुळात नवजात बाळासाठीच शिवली जायची, जुन्या साड्या आणि धोतरं घेऊन. मुझफ्फरपूर जिल्ह्यातलं भुसुरा हे तिचं गाव, आणि २००६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्याशी जवळचा धागा असलेली परंपरा उत्तर कन्नडातल्या सिद्दींची. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या लोकांपैकी जे निसटून जंगलपट्ट्यात गेले, त्यांच्या वंशजांत कवंद शिवतात. आपल्या गोधडीत ठिगळ झाकायचं असतं, कवंदीत ते मिरवायचं. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेनं आत सरकत, ठिगळं लावत लावत शिवत जातात, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुलं’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. पाळण्यातल्या बाळासाठीच्या लहान कवंदीत तर तुकड्यांची नुसती दाटी असते.

आता मुद्द्याची गोष्ट. बाळंतविडा हे दान नव्हतं. ती देवघेव होती, आणि तिला माहेर लागायचं. ज्या बाईला माहेरानं दार बंद केलं तिच्या बाळाला दुपटं कोण देणार, हा प्रश्न महाराष्ट्रात जाहीरपणे हाताळला तो जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं आणि मूल मारू नये यासाठी. फुले दांपत्यानं दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवेचा मुलगा. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या पुढाकारानं तसंच गृह सुरू झालं. तीर्थक्षेत्री मूल सोडून जाण्याचे प्रकार होत, म्हणून जागा तीच निवडली. नात्याबाहेरच्या बाळाला कपडा पुरवण्याची गरज इथे संस्थेच्या रूपात उभी राहिली.

शिवण येणाऱ्या बायकांची फळी नंतर तयार झाली. पुणे सेवासदनची १९०९ मधली सुरुवात रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखालची. तिथे शिवणकामही शिकवलं जाई आणि परिचारिका-सुईणींचं शिक्षणही. पुढे महिला मंडळांत शिवणाचा वर्ग ठरलेलाच झाला आणि घरोघरी पायमशीन आलं. सरावासाठी वर्गात पहिलं शिवायचं ते झबलं, कारण कापड थोडं लागतं, आणि चुकलं तरी चालतं. (खरं तर चालत नाही. झबल्याच्या बगलेतली जाड शिवण बाळाला काचते. पण वर्ग तसेच चालले.)

कापडही बदललं. १८५६ पासून मुंबईत गिरणीचं सूत निघू लागलं, पुढे स्वस्त मलमल आणि मांजरपाट गावोगाव पोचला, आणि शिवायला नवं कापड घेणं परवडू लागलं. खरा तडाखा नंतरचा, नायलॉन-पॉलिएस्टर साड्यांचा. त्या विरत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम शोषत नाहीत. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात आणि दोरा धरत नाहीत. सुती लुगडं नेसणारी पिढी सरली तसा गोधडीचा कच्चा मालच संपत आला. जुनं कापड आदरानं कामाला लावण्याचा मोठा आधुनिक प्रयोग म्हणजे अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ‘गूंज’. शहरांतून येणाऱ्या कपड्यांतलं जे अंगावर घालण्याजोगं नसतं, त्याच्या सुजनी तिथे शिवल्या जातात.

मग आजच्या दानातल्या दुपट्यांचं काय चुकतं? एक तर आटणं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभरामागे तीन ते पाच भाग आटतं. ते आधीच आटलेल्या जुन्या कापडाबरोबर किंवा न आटणाऱ्या पॉलिएस्टर भरणीबरोबर शिवलं की रुग्णालयाच्या पहिल्या गरम धुलाईत दुपटं सुरकुतून गोळा होतं. उपाय सोपा आणि कंटाळवाणा: कापण्याआधी नवं कापड रात्रभर भिजवून, गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. लाल आणि काळा खण पांढऱ्या ओल्या फडक्यानं चोळून बघायचा. मिठाच्या पाण्यात बुडवल्यानं रंग पक्का होतो यावर विसंबू नये.

मशीनवर शिवताना खालचा थर दात ओढतात आणि वरचा थर दाबपट्टी अडवून धरते, म्हणून ओळ संपताना वर चुणी पडते. दाब सैल करावा, टाका तीन-साडेतीन मिलिमीटरचा ठेवावा, १४ नंबरची सुई लावावी आणि सगळ्या ओळी एकाच दिशेनं माराव्यात. एक ओळ वरून खाली आणि दुसरी खालून वर केली तर कापड तिरकं जातं.

टोपड्यांत मापाचा घोळ असतो. वेळेवर जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर, ३२ आठवड्यांच्या बाळाचा साधारण २९-३० आणि २८ आठवड्यांच्या बाळाचा जेमतेम २६. दानात येणारी बहुतेक टोपडी मात्र सहा महिन्यांच्या मापाची असतात, कारण शिवणाऱ्याला इतकं लहान डोकं डोळ्यांसमोर येतच नाही.

कुंचीला टोपीसाठी १४ × ७ इंचांचा तुकडा पुरतो. दुमडून मागे एक शिवण घालायची आणि खालच्या १४ इंचांच्या कडेला २८ इंच रुंद, १८ इंच लांब घोळ चुण्या घालून जोडायचा. पण जुन्या कुंचीची गळ्याशी बांधायची नाडी, मणी, गोंडे आणि टिकल्या दानाच्या कुंचीत नकोत. युरोपीय सुरक्षा मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी चालतच नाही. पायमोजांची आतली बाजू उलटी करून सुटे दोरे कापावेत. तसा एखादा दोरा बाळाच्या बोटाला आवळला जातो आणि रडण्याचं कारण कुणाला तासन्‌तास सापडत नाही. जाड गोधडी पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळावर पांघरू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोंडावर सरकते आणि अंग तापवते. ती जमिनीवर अंथरायला ठीक. दुपटं दोन पदरी, पातळ, तेच बरं.

आणि जुनी लुगडी वापरायची झाली तर ट्रंकेतला वास आधी ओळखावा. डांबरगोळ्यांमधलं नॅप्थलीन कपड्यांत मुरतं, आणि ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. असं कापड धुऊन बरेच दिवस उन्हावाऱ्यात ठेवावं, शंका राहिली तर बाळासाठी वापरूच नये. पूर्वी ट्रंकेत वेखंडाचे तुकडे नाहीतर कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवत.