कूलिनचे सुळके आणि त्यांना मिळालेली नावं

सह्याद्रीत चढणाऱ्याला कातळ म्हटलं की बेसॉल्टच आठवतो. पावसात शेवाळलेला, उन्हात तव्यासारखा तापलेला, धरलेली पकड कधी सुटून हातात येईल याचा भरवसा नसलेला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत स्काय बेट आहे. तिथली कूलिन ही डोंगररांगसुद्धा ज्वालामुखीच्याच पोटची, सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीची. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याहून थोडी धाकटी. पण तिथला बराचसा शिलारस जमिनीखालीच सावकाश थिजला आणि त्याचा भरड, खरबरीत गॅब्रो झाला. बूट त्यावर घट्ट बसतो, बोटांची मात्र सालटी निघतात. मधूनमधून बेसॉल्टच्या पट्ट्या घुसलेल्या आहेत, त्या ओल्या झाल्या की पाय सटकलाच समजा. त्यात या दगडातल्या चुंबकत्वामुळे होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं, आणि धुकं तर कूलिनच्या पाचवीलाच पुजलेलं.

युरोपातलं मों ब्लां 1786 मध्ये सर झालं, पण 1000 मीटरही न भरणाऱ्या कूलिनच्या मोठ्या शिखरांकडे गिर्यारोहक त्यानंतर अर्ध्या शतकाने वळले. 1836 मध्ये जेम्स डेव्हिड फोर्ब्स हे भौतिकशास्त्रज्ञ स्गूर नान गिल्येनवर पोचले. सोबत डंकन मॅकिन्टायर हा स्थानिक वाटाड्या होता. त्याने आधीही या शिखरावर जायचा प्रयत्न केलेला होता, म्हणजे निम्मी वाट त्याच्या पायाखालची. तरी पुस्तकांत पहिलं नाव फोर्ब्सचंच येतं.

1873 मध्ये अलेक्झांडर निकलसन रांगेतल्या सर्वांत उंच शिखरावर (992 मीटर) चढले. निकलसन स्कायचेच, तिथल्या जुन्या गेलिक भाषेचे जाणकार. अलेक्झांडरचं गेलिक रूप अलास्डेर, म्हणून शिखर झालं स्गूर अलास्डेर. सात वर्षांनी चार्ल्स आणि लॉरेन्स पिल्किंग्टन या भावांनी स्गूर जॅरॅगवरचा तो पातळ, उभा सुळका सर केला. हा सुळका डोंगराच्या माथ्यापेक्षाही 8 मीटर उंच. नाव ‘इनअ‍ॅक्सेसिबल पिनॅकल’, म्हणजे दुर्गम सुळका. चढाई झाली तरी नाव काही बदललं नाही! पूर्वेकडच्या धारेवर पकडी भरपूर आहेत, पण दोन्ही बाजूंना पाहिलं की पोटात गोळा येतो. उतरताना सहसा रॅपलिंगच, म्हणजे दोराला लटकून खाली येणं, करावं लागतं. 3000 फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांची यादी 1891 मध्ये करणारे ह्यू मन्रो स्वतः या सुळक्यावर कधीच पोचले नाहीत.

माझ्या मते मात्र या इतिहासातला खरा माणूस स्कॉन्सर गावचा जॉन मॅकेन्झी. वयाच्या दहाव्या वर्षी स्गूर नान गिल्येन चढलेला हा पोरगा पुढे व्यावसायिक वाटाड्या झाला. रसायनशास्त्रज्ञ नॉर्मन कॉली यांच्याशी त्याची जोडी अनेक दशकं टिकली. 1899 मध्ये स्रॉन ना किख या प्रचंड कड्यावर कॉलींना एक विचित्र सावली दिसली. एवढी मोठी सावली पडते म्हणजे तिथे कड्यातून बाहेर आलेलं काहीतरी असणार, हा त्यांचा तर्क. 1906 मध्ये दोघं तिथे पोचले तेव्हा खरोखरच एक भलंमोठं कातळी टेंगूळ निघालं. त्यालाच आज किख म्हणतात. मॅकेन्झीच्या नावाचं शिखरही कूलिनमध्ये आहे, पण ते गेलिकमध्ये: स्गूर विक खोनिख. नकाशावर वाचून तो हाच मॅकेन्झी, हे परक्याला सुचणारही नाही. स्कायवरच्या स्ट्रुअनच्या दफनभूमीत कॉली आणि मॅकेन्झी दोघं शेजारी शेजारी आहेत.

कॉली 1895 मध्ये नंगा पर्बतच्या मोहिमेत होते. तिथे गिर्यारोहक अल्बर्ट ममरी यांच्याबरोबर रघुवीर थापा आणि गोमन सिंग हे दोन गुरखे गेले ते परतलेच नाहीत. चार वर्षांनी स्कायवर आणखी एक गुरखा आला: हरकबीर थापा. त्याला आणलं होतं ब्रिटिश भारतीय सैन्यातले चार्ल्स ब्रूस यांनी. पुढे 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेचे प्रमुख तेच. हरकबीर स्लिगाखनच्या खानावळीपासून ग्लामेगवर धावत गेला आणि परत आला. ग्लामेग म्हणजे 775 मीटरचा, नुसत्या घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या दगडांचा डोंगर. दोन पावलं वर, एक खाली. तिथला जमीनदार मॅक्लाउड यावर विश्वास ठेवेना, म्हणून हरकबीर पुन्हा गेला, आणि तेही अनवाणी, असं सांगतात. वेळ लागला 55 मिनिटं.

ग्लामेगचं नाव बदललं नाही. स्लिगाखनहून त्या घसाऱ्यावर आजही शर्यत होते.