क्विझ आणणारं टूल

क्विझ आणणारं टूल म्हणजे एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीनं कामं करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, दिलेलं एक छोटं काम. ऑनलाइन कोर्सच्या सिस्टीममध्ये जायचं, तिथं कुठल्या क्विझ लागल्यात ते बघायचं आणि यादी घेऊन परत यायचं, बास. क्विझ सोडवणं हे याचं काम नाही, पालक आणि सर लोकांचा बऱ्याचदा तोच गैरसमज होतो म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

गरज कुठं पडते ते सांगलीत लगेच कळतं. विश्रामबागला रूम करून राहणारी पोरं घ्या नाहीतर तासगाव, पलूसवरून एसटीनं ये-जा करणारी, एका सेमला पाच-सहा विषय, एक सर मूडल या ऑनलाइन कोर्सच्या सिस्टीमवर क्विझ टाकतात, दुसऱ्या मॅडम गूगल क्लासरूमला फॉर्म लावतात, आणि वर एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन, कोर्स घेतला असेल तर दर आठवड्याची असाइनमेंट वेगळीच. तिथं १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ पैकी चांगल्या ८ धरतात आणि त्याचे २५ टक्के मार्क असतात, म्हणजे तारीख चुकली की थेट मार्कच जातात. अभ्यास झालेला असतो, पण क्विझ लागलीय हेच माहीत नसतं. साताऱ्याकडं तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून कमवा आणि शिका ही परंपरा आहे, आणि आजही दिवसा कुठंतरी काम करून रात्री मोबाईल उघडणारी पोरं आहेत, त्यांना चार ॲपमध्ये जाऊन शोधायला वेळ कुठला. त्यांनी एजंटला फक्त विचारायचं, या आठवड्यात माझ्या कुठल्या क्विझ आहेत.

आता हे चालतं कसं. मूडल हे पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी बनवलेलं, २००२ला पहिली आवृत्ती आली, ओपन सोर्स आहे त्यामुळं कॉलेजं स्वतःच्या सर्व्हरवर टाकतात. कॅनव्हास ही तसलीच सिस्टीम, अमेरिकेतल्या इन्स्ट्रक्चर कंपनीची. दोन्हीला एपीआय आहे, म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडं माहिती मागायची सोय, टूल कोर्सचा नंबर देऊन त्याला विचारतं आणि उत्तरात क्विझचं नाव, शेवटची तारीख, वेळेची मर्यादा, किती वेळा देता येईल असं सगळं येतं. एजंट आणि टूल जोडायला बरेच जण एमसीपी वापरतात, अँथ्रोपिक या एआय कंपनीनं नोव्हेंबर २०२४ला आणलेला प्रोटोकॉल, म्हणजे जोडणीची ठरलेली पद्धत. त्यात टूलबरोबर त्याचं वर्णन लिहितात आणि एजंटच्या आतलं एआय मॉडेल ते वाचूनच कुठलं टूल कधी वापरायचं ते ठरवतं, त्यामुळं वर्णन घाईत लिहिलं की एजंट गडबडतो.

खरी मेहनत मात्र आलेली माहिती नीट वाचण्यात आहे. कॅनव्हास तारीख यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतं, आपण साडेपाच तास पुढं, म्हणजे रात्री ११:५९ची क्विझ तिथं १८:२९ दिसते. एजंटनं तेच जसंच्या तसं सांगितलं तर पोरगं साडेसहा वाजले म्हणून आशा सोडून देणार आणि क्विझ तर अजून पाच तास उघडी. मूडल तारीख देतं ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. वेळेची मर्यादा कॅनव्हासला मिनिटांत आणि मूडलला सेकंदांत, एकाचे ३० तेच दुसऱ्याचे १८००. कितीही वेळा द्या असं असेल तर मूडल ० लिहितं आणि कॅनव्हास उणे १, आता ० बघून एजंट म्हणाला की तुझा एकही चान्स नाही तर काय करणार? शिवाय कॅनव्हास सांगितलं नाही तर एका पानाला १०च नोंदी देतं, पुढची पानं मागावी लागतात, आणि त्यांच्या ‘न्यू क्विझेस’ या नव्या प्रकाराचा एपीआय वेगळाच आहे. म्हणून ‘क्विझ नाही’ आणि ‘मला दिसली नाही’ ही दोन उत्तरं टूलनं वेगळी ठेवलीच पाहिजेत, माझ्या मते चांगलं टूल ओळखायची हीच खूण.

परवानगी टोकनवर चालते. टोकन म्हणजे किल्लीच, ज्याचं टोकन त्याला दिसतं तेवढंच टूलला दिसणार. विद्यार्थ्याच्या टोकननं अजून प्रसिद्ध न केलेली क्विझ येत नाही, पण शिक्षकाच्या टोकननं प्रश्न आणि बरोबर उत्तरंसुद्धा येऊ शकतात, त्यामुळं सरांचं टोकन पोरांच्या एजंटमध्ये जाणं म्हणजे पेपर फुटणंच झालं. ते ग्रुपवर टाकायचं नाही, वापर संपला की रद्द करायचं.

अजून एक, क्विझ सुरू करायची सोय एपीआयमध्ये वेगळी असते आणि ती या टूलमध्ये घालू नये. एजंटनं चुकून अटेम्प्ट सुरू केला की घड्याळ चालू होतं, पोरगं तेव्हा एसटीत उभं असतं आणि एकच चान्स असेल तर तो तिथंच जातो. यादीत फक्त लिंक द्यावी, सुरू करायचं बटण ज्याचं त्यानं दाबावं.