परसातील कोंबडीपालन (कोल्हापूर)

परसदारी पाच-दहा कोंबड्या मोकळ्या सोडून, मुख्यतः घरच्या अंड्यांसाठी पाळण्याची रीत. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा, राधानगरीकडच्या वाड्यावस्त्यांपासून शहरालगतच्या मळ्यांपर्यंत ती दिसते. पोल्ट्री लहान केली की परसातले पालन होते, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. पिंजऱ्यातली कोंबडी रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास विकतचे खाद्य खाऊन वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. गावरान कोंबडी देते साठ-ऐंशी, पण मूठभर कणी, भाकरीचे तुकडे आणि उकिरड्यातल्या किड्यांवर. तिला सगळेच खाद्य विकत घालणाऱ्याचा हिशेब कधी बसत नाही.

गावरान तलंग (तरुण कोंबडी) पाच-सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते. दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते, म्हणजे उबवायला बसू पाहते: अंडी बंद, पिसे फुलवून रिकाम्या जागीही बसून राहते, हात नेला की टोचते. अंडीच हवी असतील तर तिचे खुडूकपण मोडावे लागते. दोन-चार दिवस उजेडात डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) कोंडणे पुरते. नाकात पीस खुपसण्याचा जुना उपाय नुसता छळ आहे. पिल्ले हवी असतील तर तिला रवणाला, म्हणजे अंड्यांवर उबवायला, बसवतात. पाटीत तळाला राख, वर भाताचे पिंजर, त्यावर दहा-बारा अंडी. राखेमुळे उवा-पिसवा कमी होतात. अंडी आठवड्यापेक्षा जुनी नसावीत आणि कळपात कोंबडा असावा. कोंबड्याविना अंडी मिळतात, पिल्ले नाहीत. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली की फळलेल्या अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. कोरे दिसेल ते काढून टाकायचे. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात.

गिरिराज (बंगळूर), वनराज आणि ग्रामप्रिया (दोन्ही हैदराबाद) या सुधारित जाती परसासाठीच तयार झाल्या. त्या गावरानच्या दीडपट-दुप्पट, कधी त्याहून जास्त अंडी देतात. मात्र त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे पुढची पिढी पुन्हा विकत आणायची. पशुसंवर्धन विभागाच्या राज्यातील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांपैकी एक कोल्हापुरात आहे. सोपी तोड अशी, की सुधारित कोंबड्यांबरोबर एक-दोन गावरान ठेवाव्यात आणि त्यांच्याखाली सुधारितची अंडी लावावीत. कडकनाथ हा काळा कोंबडा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. 2019 साली सांगली-कोल्हापूर पट्ट्यात त्याच्या करार-योजनांत अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, पण तो धंदा होता, परस नव्हे.

खरा शत्रू मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. हिरवी हगवण, वाकडी मान आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. यावर औषध नाही, लसच आहे: पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, महिन्याच्या सुमारास पुन्हा, आणि दोन महिन्यांच्या आत-बाहेर टोचायची लस. लस स्वस्त आहे. अडचण कुपीची. कुपी सहसा शंभर-दोनशे मात्रांची, घरात कोंबड्या सहा; आणि एकदा कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी दिवस ठरवून, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी पहाटेच टोचून घेणे हाच व्यवहार्य मार्ग. कुपी आणताना बर्फ विसरला तर सगळे फुकट.

पश्चिमेकडच्या तालुक्यांत पावसाळा कोंबडीला जड जातो. ओल्या जमिनीवर पिल्लांना रक्ती हगवण लागते, म्हणून खुराडे जमिनीपासून हातभर उंच बांधतात आणि तळाला फटी ठेवतात. विष्ठा खाली पडते, वारा खेळतो. तिन्हीसांजेला कोंबड्या आपणहून परततात. दार लावायचे राहिले तर त्या रात्री रानमांजर येतेच. दिवसा घारीची भीती पिल्लांना. शिरोळ, करवीरच्या नदीकाठी पूर आला की जनावरांची दावी आधी सुटतात, कोंबड्या डालग्यासकट माळ्यावर जातात.

हा कारभार बहुधा घरच्या बायकांचा, आणि अंड्यांचे सुटे पैसेही त्यांच्याच हाती राहतात. गावरान म्हणून बाजारात दाम जास्त मिळतो, तिथेच फसवणूकही होते. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि बलकाचा गडद पिवळा हिरव्या चाऱ्यावर व मक्यावर, त्यामुळे तपकिरी अंडे म्हणजे गावरान असे नाही. गावरान अंडे आकाराने लहान असते, आणि एकाच पाटीतली अंडी रंगाने क्वचितच सारखी निघतात.