दारावर आलेला विक्रेता, अकॉर्डियन आणि 'वियर्ड अ‍ॅल'

२२ ऑक्टोबर १९६६ रोजी अल्फ्रेड यांकोविक, म्हणजे गाजलेल्या गाण्यांची विडंबनं करणारा अमेरिकन गायक 'वियर्ड अ‍ॅल', पहिल्यांदा अकॉर्डियनच्या शिकवणीला बसला. दुसऱ्या दिवशी त्याला सात वर्षं पूर्ण होणार होती. ही शिकवणी कशी ठरली, ते तो आजवर अनेकदा सांगत आला आहे. लॉस एंजेलिसजवळच्या लिनवुड गावात त्यांच्या दारावर एका संगीतशाळेचा फिरता विक्रेता आला. गिटार किंवा अकॉर्डियन, काय शिकवायचं ते तुम्ही ठरवा, असं त्यानं आईवडिलांना सांगितलं. त्यांनी अकॉर्डियन निवडलं.

बीटल्सचा डंका जगभर वाजत होता त्या वर्षी एखाद्या घरानं गिटार नाकारावी, याचं नवल वाटतं. पण त्या घरात हे अगदी सरळ होतं. वडील निक यांचं घराणं मूळचं स्लोव्हेनियाकडचं, आई मेरी इटालियन आणि इंग्लिश वंशाची. मध्य युरोपातून आलेल्या या मंडळींच्या लग्नसमारंभांत पोल्का नाच असायचा आणि पोल्का म्हटला की अकॉर्डियन आलंच. त्यातून अमेरिकेत 'पोल्काचा राजा' म्हणून गाजत असलेल्या कलाकाराचं नाव होतं फ्रँकी यांकोविक! नात्यागोत्याचा संबंध काही नाही, आडनाव तेवढं एक. तरी जगात आणखी एखादा अकॉर्डियन वाजवणारा यांकोविक असायला हवा, असं आईवडिलांना वाटलं, असं अ‍ॅल सांगतो.

अकॉर्डियन आपल्याला परकं नाही. ते पेटीचंच भावंड. भात्यानं हवा भरायची आणि धातूच्या बारीक पट्ट्यांना कंप द्यायचा, हे तत्त्व दोन्हींत एकच. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांनी तर हिंदी चित्रपटसंगीतात या वाद्याला मानाची जागा मिळवून दिली. अमेरिकेत मात्र उलटं घडत होतं. पन्नाशीच्या दशकात घरोघरी शिकलं जाणारं हे वाद्य रॉक अँड रोल आल्यावर बघता बघता मागे पडलं. म्हणजे अ‍ॅलच्या हाती वाद्य आलं तेच त्याचे दिवस सरत असताना. पुढे त्याच्या गाण्यात जी गंमत आली, तिचं अर्धं मूळ मला या विसंगतीत दिसतं. विजेच्या गिटारींचं गाणं अकॉर्डियनवर घेतलं, की शब्द बदलायच्या आधीच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येतं.

तीन वर्षं शिकवणी झाली, मग त्यानं ती सोडली आणि स्वतःच शिकत राहिला. एल्टन जॉनची एक ध्वनिमुद्रिका लावायची आणि तिच्यासोबत अकॉर्डियन वाजवत राहायचं, असा त्याचा रियाज. रॉक संगीत अकॉर्डियनवर कसं बसवायचं, ते तो तिथे शिकला.

अ‍ॅल एकुलता एक. जन्म २३ ऑक्टोबर १९५९, डाउनी गावचा. अभ्यासात हुशार. शाळेत वर्षभर आधी घातलेला आणि दुसरीची इयत्ता गाळून पुढे चढवलेला, त्यामुळे वर्गातली मुलं त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी तो लिनवुडच्या हायस्कुलातून पहिल्या नंबरानं बाहेर पडला. वडील दुसऱ्या महायुद्धात लष्करी वैद्यकीय सेवक होते. जखमी सैनिकांना मिळणारं 'पर्पल हार्ट' पदक त्यांना दोनदा मिळालं होतं. आपल्याला आनंद देईल तेच काम पोटापाण्यासाठी करता येणं म्हणजे यश, असं ते मुलाला सांगत. चाकं, भट्ट्या आणि कारखान्यांच्या त्या कामकरी वस्तीत असं सांगणारा बाप मिळणं ही मोठी गोष्ट होती.

आता थोडं मागे जायला हवं, कारण हा मुलगा एका जुन्या परंपरेत वाढत होता. गाजलेल्या चालीवर भलतेच शब्द बसवणं आपल्याकडेही जुनंच आहे. मेळ्यांची पदं नाटकातल्या चालींवर बेतली जायची, आजही सिनेमाच्या चालीवर आरत्या आणि भजनं गायली जातात. पण हसवण्यासाठी केलेलं विडंबन मराठीत मुख्यतः कवितेत आणि कागदावर बहरलं. आचार्य अत्रे त्याचे मेरुमणी. अमेरिकेत ते ध्वनिमुद्रिकेवर बहरलं. चाळिशीच्या दशकात स्पाइक जोन्सचा वाद्यवृंद गंभीर संगीतात घंटा, भोंगे आणि पिस्तुलाचे बार घुसवत असे. पन्नाशीत स्टॅन फ्रीबर्ग लोकप्रिय गाण्यांची खिल्ली उडवू लागला. हार्वर्डमध्ये गणित शिकलेल्या टॉम लेररनं १९५३ मध्ये पदरमोड करून आपल्या गाण्यांची तबकडी काढली, आणि पुढे एका जुन्या संगीतिकेच्या चालीवर रासायनिक मूलद्रव्यांची अख्खी यादी बसवली. १९६३ मध्ये अ‍ॅलन शर्मननं पोंक्येलीच्या बॅले संगीतावर उन्हाळी शिबिरातल्या पोराचं रडगाणं गायलं आणि ते गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

याच सुमाराला विडंबनाचा हक्क न्यायालयातही पोहोचला. 'मॅड' या विनोदी मासिकानं प्रसिद्ध गाण्यांच्या वजनाचे, 'अमुक चालीवर म्हणा' अशी सूचना असलेले नवे शब्द छापले होते. अर्व्हिंग बर्लिन या थोर गीतकारासह अनेक हक्कधारकांनी २५ गाण्यांवरून दावा लावला. १९६४ मध्ये अपील न्यायालयानं 'मॅड'च्या बाजूनं कौल दिला. छंद आणि वजन ही कुणाची खासगी मालमत्ता नव्हे, हे निकालात स्पष्ट झालं. हा निकाल लागला तेव्हा अ‍ॅल चार वर्षांचा होता. काही वर्षांनी तेच मासिक त्याच्या हातात पडलं आणि त्याला त्याचं वेड लागलं.

पण मासिक हातात पडण्यापेक्षाही कानावर पडलेल्या एका आवाजाचा वाटा मोठा. बॅरेट हॅन्सन हा लोकसंगीताचा अभ्यासक, जुन्या तबकड्यांचा मोठा संग्राहक. १९७० मध्ये पॅसाडिनाच्या एका रेडिओ केंद्रावर 'डॉ. डिमेंटो' या नावानं तो विचित्र आणि विनोदी गाणी लावू लागला. काही वर्षांत कार्यक्रम देशभर ऐकू जाऊ लागला. जोन्स, फ्रीबर्ग, लेरर, शर्मन ही सगळी मंडळी अ‍ॅलला तिथे भेटली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा माणूस श्रोत्यांनी घरी केलेल्या कॅसेटीही लावत असे. ज्याच्यापाशी ना स्टुडिओ, ना पैसा, ना ओळखपाळख, अशा पोराला शिरता येईल असं दार त्या काळात दुसरं कुठलं होतं? मला तरी आठवत नाही.

१९७६ मध्ये डिमेंटो अ‍ॅलच्या शाळेत व्याख्यानाला आला. सोळा वर्षांच्या अ‍ॅलनं घरी ध्वनिमुद्रित केलेली कॅसेट त्याच्या हातात ठेवली. तीत घरच्या प्लिमथ बेल्वेडियर मोटारीवर रचलेलं एक गाणं होतं. डिमेंटोनं ते लावलं. खोलीत एकट्यानं अकॉर्डियन वाजवणाऱ्या मुलाचा आवाज त्या दिवशी हजारो घरांत गेला.

तरी गाणं हा व्यवसाय होईल असं त्याला वाटत नव्हतं. सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅल पॉली विद्यापीठात त्यानं वास्तुकलेला प्रवेश घेतला आणि पदवीही पूर्ण केली. मन मात्र महाविद्यालयाच्या रेडिओ केंद्रावर जडलं. वसतिगृहातली पोरं त्याला 'वियर्ड अ‍ॅल', म्हणजे विक्षिप्त अ‍ॅल, म्हणून हाक मारत. रेडिओवर निवेदन करताना तेच नाव त्यानं आपणहून उचललं. चिडवायला दिलेलं नाव पाटीवर लावायला हिंमत लागते.

१९७९ मध्ये 'द नॅक' या चमूचं 'माय शरोना' सगळीकडे वाजत होतं. अ‍ॅलनं त्याचं 'माय बलोनी' केलं. बलोनी म्हणजे पावात घालून खायचा मांसाचा स्वस्त काप. इथे त्याची कारागिरी पाहण्यासारखी आहे. 'शरोना' आणि 'बलोनी' यांत अक्षरं तेवढीच, आघात तिथेच, मधला 'ओ' तोच. मूळ गाण्यात प्रेयसीसाठी जीव टाकणं, इथे खाऊसाठी. भावना तशीच ठेवून तिचा विषय तेवढा उतरवायचा, ही त्याची रीत पुढे चाळीस वर्षं टिकली.

ध्वनिमुद्रण त्यानं रेडिओ केंद्रासमोरच्या स्वच्छतागृहात केलं. फरशा लावलेल्या त्या खोलीत आवाज छान घुमायचा. सोबतीला फक्त अकॉर्डियन. डिमेंटोच्या श्रोत्यांनी गाणं उचलून धरलं. 'द नॅक' कॅल पॉलीत कार्यक्रमाला आले, तेव्हा अ‍ॅलनं रंगमंचामागे जाऊन गायक डग फीगरला गाठलं. फीगर चिडला नाही. त्याला गाणं आवडलं होतं आणि त्यानं कॅपिटॉल रेकॉर्ड्सच्या अधिकाऱ्यापाशी त्याची शिफारस केली. कंपनीनं ते बाजारात आणलं आणि अ‍ॅलशी सहा महिन्यांचा करार केला. ज्याच्या गाण्याचं विडंबन केलं, त्यानंच पुढे हात द्यावा, ही घटना त्याच्या मनावर कोरली गेली असावी असं मला नेहमी वाटतं. विडंबनासाठी कायद्यानं परवानगी लागत नसली तरी तो मूळ कलाकाराला विचारल्याखेरीज गाणं काढत नाही. नाही म्हणणारेही निघाले. शाकाहारी असलेल्या पॉल मॅकार्टनीनं कोंबडीच्या पदार्थावरचं विडंबन मान्य केलं नाही, आणि अ‍ॅलनं ते ध्वनिमुद्रित केलं नाही.

१४ सप्टेंबर १९८० ची रात्र या सगळ्या कहाणीचा कणा आहे. डिमेंटोच्या कार्यक्रमात अ‍ॅलला थेट गायचं होतं. क्वीन या ब्रिटिश बँडच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'वर त्यानं खच्चून भरलेल्या बसमधल्या हालांचं गाणं रचलं होतं: 'अनदर वन राइड्स द बस'. गर्दीच्या बसमध्ये लोंबकळत गेलेल्या कुणालाही ते समजवावं लागणार नाही. ठेका धरायला माणूस हवा होता. तिथेच भेटलेल्या जॉन श्वार्ट्झनं आपण ड्रम वाजवतो असं सांगितलं, पण ड्रम होते कुठे! मग अ‍ॅलनं त्याला अकॉर्डियनच्या खोक्यावर ठेका धरायला सांगितलं. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. गायक श्वास न घेता पळतोय, भाता धापा टाकतोय आणि मागे खोक्यावर थापा पडताहेत. घासूनपुसून केलेल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत नसलेला जीव त्यात आहे.

त्या गाण्यानं त्याला स्वतःची छोटी तबकडी काढायचं बळ दिलं. २१ एप्रिल १९८१ रोजी टॉम स्नायडरच्या रात्रीच्या कार्यक्रमातून तो आणि श्वार्ट्झ देशभरच्या दूरदर्शन पडद्यावर दिसले. डिमेंटोच्या रंगमंचीय कार्यक्रमात त्याला पाहून जे लेव्हीनं त्याचं व्यवस्थापन हाती घेतलं. गिटारवर जिम वेस्ट आणि बास गिटारवर स्टीव्ह जे आले, श्वार्ट्झ होताच. बँड जमला.

याचं महत्त्व सहसा लक्षात घेतलं जात नाही. एकट्या अकॉर्डियनवर केलेलं विडंबन एकदा-दोनदा हसवतं. वाद्यमेळ मूळ गाण्याशी तंतोतंत जुळला, की ऐकणारा आधी फसतो आणि मग शब्द कानावर पडले की हसतो. त्यासाठी वादक मूळच्या तोडीचे लागतात, आणि आज रॉक, उद्या रॅप, परवा डिस्को वाजवू शकणारे लागतात. १९८३ चा त्याचा पहिला अल्बम नामवंत गिटारवादक रिक डेरिंजरनं निर्माता म्हणून घडवला. त्यात अजून अकॉर्डियन पुढे होतं. दुसऱ्या अल्बमपासून ते मागे सरकलं आणि नक्कल हुबेहूब झाली.

तोवर १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेल्या एमटीव्ही या संगीतवाहिनीला चोवीस तास चित्रफिती हव्या होत्या. अ‍ॅलनं मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'चं 'ईट इट' केलं. शीर्षकातला एकच व्यंजन गाळला आणि मारामारीचं गाणं जेवणाच्या आग्रहाचं झालं! मूळ गाण्यातल्या एडी व्हॅन हेलनच्या गाजलेल्या गिटारवादनाची नक्कल स्वतः डेरिंजरनं वाजवली. चित्रफीतही मूळ चित्रफितीच्या दृश्यागणिक बेतली. जॅक्सननं आनंदानं होकार दिला होता. काही वर्षांनी पुढच्या विडंबनासाठी त्यानं आपला सेटही वापरू दिला. १९८४ मध्ये 'ईट इट' अमेरिकेत बाराव्या क्रमांकावर आणि ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. विनोदी ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. अल्बममध्ये त्या काळच्या रॉक गाण्यांची पोल्काच्या ठेक्यात केलेली माळही होती. लिनवुडच्या घरातला पोल्का असा थेट आला, आणि नंतर त्याच्या बहुतेक अल्बमांत येत राहिला.

२०१४ मध्ये त्याचा चौदावा अल्बम आला आणि अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याआधी विनोदी अल्बम तिथे पोहोचला होता तो १९६३ मध्ये, अ‍ॅलन शर्मनचा. पुढच्याच वर्षी 'मॅड' मासिकानं आपल्या इतिहासात पहिल्यांदा एका अंकासाठी पाहुणा संपादक बोलावला. तो मान अ‍ॅलला मिळाला. आणि १९८० च्या त्या रात्री अकॉर्डियनच्या खोक्यावर थापा मारणारा जॉन श्वार्ट्झ चार दशकांनंतरही त्याच्यामागे ड्रमवर बसत होता.